दुकान ग्रेनडात, गल्ला डेलावेअरात

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला गावस्करच्या १९७१ च्या ७७४ धावा आठवतात, त्यावर लॉर्ड रिलेटरनं रचलेलं कॅलिप्सो आठवतं आणि फार तर केमन बेटांवरचा काळा पैसा. तिथली साधी माणसं सकाळी उठून पोटासाठी काय करतात, हे समालोचकांनी कधी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

तर ती माणसं काहीबाही करून विकतात. ग्रेनडात जायफळाच्या गराचा जॅम, जमैकात कॉफी, त्रिनिदादमध्ये नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा मिरचीचा सॉस. न्यूयॉर्क, टोरोंटो, लंडनला गेलेले त्यांचेच भाऊबंद या मालासाठी जीव टाकतात. माल आहे, गिऱ्हाईक आहे, इंटरनेट आहे, कुरियरही आहे.

पैसे घेताना घोडं अडतं.

पर्याय नाहीत म्हणून अडतं असंही नाही. पर्यायांची तिथं जत्रा भरली आहे. ॲप आहेत, वॉलेट आहेत, गेटवे आहेत, व्हाउचर आहेत, सरकारी डिजिटल चलनं तर जगाच्या आधी आली. परिसंवाद इतके झाले की त्यांच्या चहापाण्याच्या खर्चात दोन-चार दुकानं उभी राहिली असती. एवढं सगळं असून विकणाऱ्याच्या खात्यात पैसे कधी आणि किती पोचणार, हे मात्र विचारायचं नाही.

समजा, ग्रेनडात एक बाई जायफळाचा साबण करते. जायफळ त्या देशाच्या झेंड्यावर आहे, म्हणजे देशभक्तीही झाली. बाईनं ऑनलाइन दुकान थाटलं. फोटो उत्तम, वेष्टण उत्तम, दर डॉलरमध्ये. आता कार्डानं पैसे घेण्याची सोय पुरवणाऱ्या स्ट्राइप कंपनीकडे जावं, तर स्ट्राइपच्या देशांच्या यादीत ग्रेनडा नाही. जमैका नाही, बार्बाडोस नाही, त्रिनिदाद नाही.

त्याच समुद्रात प्वेर्तो रिको आहे. तिथं स्ट्राइप चालतं, कारण तिथं अमेरिकेचा अंमल. २०१७ चं मारिया वादळ आधी डॉमिनिका झोडपून गेलं आणि मग प्वेर्तो रिकोवर कोसळलं. वादळानं तरी कुणाचा पासपोर्ट तपासला नाही.

बरं, ऑनलाइन दुकानं थाटून देणाऱ्या शॉपिफायवर बाईचं दुकान आहे ना? मग शॉपिफायचीच पैसे घेण्याची सोय वापरावी. ती या बेटांवर मिळत नाही. मग दुसऱ्या कुणाची वापरावी. ती वापरली तर शॉपिफाय बेसिक योजनेवर प्रत्येक विक्रीमागे दोन टक्के जादा कापून घेतं, आमची का वापरली नाही म्हणून.

जी तुम्ही देतच नाही, ती न वापरल्याचा हा दंड.

हिशेबाच्या कुठल्या शाळेत असलं शिकवतात? आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेनं नळ न देता पाणीपट्टी लावली, तर निदान मोर्चा तरी निघतो.

आता यावरचा तोडगा बघा. तिथले उद्योजक तो एकमेकांना कानात सांगतात, सल्लागार त्यावर पैसे कमावतात. अमेरिकेत कंपनी काढा! स्ट्राइपचीच ‘ॲटलस’ नावाची सेवा आहे. ५०० डॉलर भरा, डेलावेअर राज्यात तुमची कंपनी नोंदवून मिळते. मग अमेरिकी कर क्रमांक, अमेरिकी बँक खातं आणि मग एकदाचं स्ट्राइप. बाई, साबण आणि जायफळ ग्रेनडात. पैसे मोजणारी कंपनी डेलावेअरात, जिथं बाईनं पाऊलही ठेवलेलं नाही.

केमन बेटांच्या जॉर्जटाउनमध्ये उगलँड हाउस नावाची एक पाच मजली इमारत आहे. २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण खात्यानं मोजलं, तेव्हा तिच्या पत्त्यावर १८,८५७ कंपन्या नोंदवलेल्या होत्या. अमेरिकेतल्या वकिलांना आणि फंडवाल्यांना कॅरिबियनमध्ये कंपनी काढणं इतकं सोपं आहे. आणि कॅरिबियनमधल्या साबणवालीनं दहा डॉलर घ्यायचे, तर तिनं अमेरिकेत कंपनी काढायची.

बाकी मुक्त व्यापार जोरात चालू आहे.

डेलावेअरची कंपनी काढून प्रकरण संपतही नाही. त्या राज्याचा वर्षाला ३०० डॉलरचा ठरावीक कर आहे, धंदा होवो न होवो. तिथल्या नोंदणीकृत एजंटाची फी वेगळी. आणि एकट्या परदेशी मालकाची अशी कंपनी असेल, तर ५४७२ क्रमांकाचा एक अर्ज दरवर्षी अमेरिकी कर खात्याला द्यायचा असतो. कर शून्य निघत असला तरी द्यायचा. राहिला, तर दंड २५,००० डॉलर.

२५,००० डॉलर! एवढ्यात साबणाचा छोटा कारखाना उभा राहिला असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपण म्हणतो. इथं तर कोंबडी दिसायच्या आधीच मसाल्याचं बिल आलं आहे. यूट्यूबवर ‘घरबसल्या अमेरिकी कंपनी’ शिकवणारे हसतमुख तरुण या अर्जापाशी आले की नेमका व्हिडिओ संपतो.

मग पेपाल आहेच की, असं कुणीतरी म्हणतंच. आहे. बऱ्याच बेटांवर खातं उघडता येतं, पैसे येतातही. चार-पाच टक्के आणि वर तीस सेंट कापून येतात. दहा डॉलरच्या साबणावर सत्तर-ऐंशी सेंट गेले, ठीक आहे, सोडून दिले. पुढची गंमत अशी की यातल्या अनेक बेटांवर ते पैसे पेपालमधून काढायचे, तर अमेरिकी बँकेत खातं हवं.

म्हणजे पैसे दिसतात, मोजता येतात, हात मात्र लावता येत नाही.

अमेरिकी खातं कुणाचं असतं? मायामीच्या मावशीचं. पैसे मावशीच्या खात्यात जातात, मावशी ते बँकेमार्फत बेटावर पाठवते, त्याचे इकडची बँक वेगळे घेते आणि तिकडची वेगळे. पाठवणी एकदाच स्वस्तात पडावी म्हणून बाई दोन-तीन महिन्यांचे पैसे साठवते. तोवर पुढच्या खेपेचं तेल आणि कॉस्टिक उधारीवर आणते. मावशी देवमाणूस असेल तर हा धंदा चालतो. मावशीचा मुलगा नवी गाडी घेणार असेल, तर मात्र पंचाईत.

यात एक नाजूक चिमटा आहे. पूर्व कॅरिबियन डॉलरचा अमेरिकी डॉलरशी दर १९७६ पासून २.७० असा बांधलेला आहे. बार्बाडोसचा १९७५ पासून दोनास एक, बहामासचा तर सरळ एकास एक. इकडे सुनील गावस्कर खेळले, निवृत्त झाले, समालोचक झाले, दर तिथंच आहे. चलनाचा भाव पडण्याची धास्ती नाही, बाजारात हेलकावे नाहीत, तरी डॉलर बदलून देताना बँक आपला वाटा काढतेच.

जोखीम नसल्याचंही कमिशन असतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग बाईनं गावातल्या बँकेतच जावं, ‘मर्चंट अकाउंट’ मागावं. हा सरळ मार्ग, म्हणून सगळ्यात लांबचा. कंपनीची नोंदणी आणा, मागच्या वर्षांचे हिशेब आणा, धंद्याचा आराखडा आणा, अनामत ठेवा, सुरुवातीची फी भरा, महिन्याची फी भरा. जमैकात साधं खातं उघडायला जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस किंवा फोटोवर सही मागण्याची रीत वर्षानुवर्षं होती. आपल्याकडच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याशी याचं नातं सख्खं आहे, दोघांचा बाप इंग्रज.

आणि अर्ज करून थांबायचं. बँकेकडून नकार येत नाही, होकारही येत नाही. ‘तुमची फाइल बघतोय’ या वाक्याला कुठल्याही समुद्राची हद्द नाही.

तंत्रज्ञान तिकडे उशिरा पोचलं, ही सबब मात्र कुणी सांगू नये. बर्म्युडातली फर्स्ट अटलांटिक कॉमर्स ही कंपनी १९९८ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहार हाताळते. पेपालची मुळं अमेरिकेत रोवली गेली, ती त्याच वर्षी. गेटवे होता, यंत्रणा होती. फक्त त्या दारातून आत जायला आधी बँकेचं मर्चंट खातं लागायचं. हॉटेलांना आणि मोठ्या कंपन्यांना ते मिळायचं.

पर्यटक आजही रिसॉर्टच्या बारमध्ये कार्ड टेकवतो आणि दुसऱ्या क्षणाला रमचा पेला हातात येतो. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर शंखशिंपल्यांच्या माळा विकणारी बाई त्याच कार्डाकडे बघत उभी असते.

बँका इतक्या घाबरट का, याची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. डॉलर कुठूनही कुठंही जायचा असो, वाटेत अमेरिकेतली एखादी मोठी बँक लागते. बेटावरची छोटी बँक तिथं आपलं खातं ठेवते, त्या खात्यातून व्यवहार होतात. २०१२ मध्ये एचएसबीसीला १.९ अब्ज डॉलर भरावे लागले, कारण मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा तिच्यातून धुऊन निघाला होता. तुरुंगात कुणी गेलं नाही. पण सगळ्या बड्या बँकांनी धडा घेतला, आणि कोणता? जिथून मिळकत कमी आणि चौकशीची भीती जास्त, ती खाती बंद करा. २०१५ च्या सुमारास बेलीझच्या बहुतेक बँकांचे अमेरिकेशी असलेले असे दुवे तुटले. अँटिग्वाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन तेव्हापासून मिळेल त्या व्यासपीठावर ओरडत आहेत.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाकडून दोराचे पैसे.

त्यातच करड्या यादीचा फेरा. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२० मध्ये जमैका आणि बार्बाडोसला त्या यादीत घातलं, दोघंही बाहेर पडायला २०२४ उजाडलं. देशाचं नाव यादीत गेलं, की साबणाच्या दहा डॉलरकडेही कोकेनकडे बघावं तसं बघतात. डेलावेअरकडे मात्र कुणी तसं बघत नाही, ते सज्जनांचं राज्य आहे.

कॅनडाच्या बँकांचा काढता पाय हे याच गोष्टीचं उपकथानक. स्कोशियाबँकेनं किंग्स्टनला शाखा काढली १८८९ मध्ये, तेव्हा तिची टोरोंटोतही शाखा नव्हती. साखर, रम आणि मासळीचा व्यापार होता ना! २०१९ मध्ये ग्रेनडा, डॉमिनिका, सेंट लुशिया वगैरे बेटांवरचा कारभार तिनं त्रिनिदादच्या रिपब्लिक समूहाला विकला. शंभर-सव्वाशे वर्षं गोडी चाखली. साबणाच्या वासानं शिंका आल्या असतील.

असो. खासगी बँकांना नको असेल, तर सरकार आहे.

आणि सरकारांनी काय केलं? थेट चंद्रावर उडी मारली.

२० ऑक्टोबर २०२० ला बहामासच्या मध्यवर्ती बँकेनं ‘सँड डॉलर’ आणला. सामान्य माणसासाठी देशभर लागू झालेलं जगातलं पहिलं सरकारी डिजिटल चलन. युरोप-अमेरिका अजून अहवालांवर अहवाल लिहीत होते. टाळ्या वाजल्या, परिषदा झाल्या, परदेशी पाहुणे नसाऊला येऊन समुद्रात पाय बुडवून गेले. आज त्या चलनाचा वाटा किती? देशात फिरणाऱ्या एकूण रोखीच्या एक टक्क्याहूनही कमी. २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर जॉन रोल यांनी सांगितलं, की आता बँकांना हे चलन उपलब्ध करून देण्याची सक्ती करावी लागेल.

लोकांना इतकी सोयीची वाटलेली गोष्ट, की सक्ती करावी लागते!

हसण्याआधी थोडं थांबा. आपला ई-रुपया सामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आला १ डिसेंबर २०२२ ला. तुमच्या फोनमध्ये आहे?

तेच म्हणतोय.

त्याच नसाऊत, सरकारी डिजिटल चलन रांगत असताना, एफटीएक्स नावाच्या क्रिप्टो कंपनीनं मुख्यालय थाटलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती कोसळली आणि जगभरच्या शहाण्यांचे अब्जावधी डॉलर अडकले. तिला बेटावर जागा मिळाली, परवाना मिळाला, पायघड्या मिळाल्या. माळा विकणाऱ्या बाईला कार्ड घेण्याचं यंत्र मिळायचं होतं, पण तिच्या कागदपत्रांत त्रुटी होती म्हणे.

पूर्व कॅरिबियनची कथा आणखी सुरस. आठ छोटे प्रदेश, एक चलन, एक मध्यवर्ती बँक, मुख्यालय सेंट किट्समधल्या बासेतेरला. ३१ मार्च २०२१ ला त्यांनी ‘डीकॅश’ सुरू केलं. ब्लॉकचेन, वॉलेट, क्यूआर, सगळा जामानिमा. एप्रिलमध्ये सेंट व्हिन्सेंटचा ला सुफ्रिएर ज्वालामुखी फुटला, ऑगस्टमध्ये तिथंही डीकॅश नेलं. राखेतून भरारी वगैरे. जानेवारी २०२२ मध्ये सगळी यंत्रणा बंद पडली. हॅकर आले होते? नाही. परकी शक्ती? तीही नाही. यंत्रणेतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

गाडीचं पीयूसी संपावं, तसं देशाचं चलन संपलं.

सुमारे दोन महिने ते बंद होतं. आठ प्रदेशांच्या मध्यवर्ती बँकेचं चलन दोन महिने बंद, आणि बाजार आपला चालू. भाजी विकली जात होती, मासे विकले जात होते, रम तर विकली जातच होती. असल्या चाचणीचा निकाल वेगळा छापावा लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये प्रायोगिक टप्पा संपल्याचं जाहीर झालं आणि पुढच्या, सुधारित आवृत्तीची घोषणा झाली. पहिल्या भागाला प्रेक्षक नसले तरी दुसरा भाग काढायचा, हे मुंबईतल्या निर्मात्यांनाही जमलेलं नाही.

जमैकानं माणसाचा स्वभाव ओळखला. ‘जॅम-डेक्स’ २०२२ मध्ये आणलं तेव्हा पहिल्या एक लाख वापरकर्त्यांना अडीच हजार जमैकन डॉलर देऊ केले. अमेरिकी हिशेबात सोळा-सतरा डॉलर. लोकांनी नोंदणी केली हो, का नाही करणार? कॅशबॅक असेपर्यंत आपणही कुठल्या ॲपवर प्रेम केलं नाही?

या तिन्ही थोर योजनांत आपल्या साबणवालीला काय मिळालं? तिचं गिऱ्हाईक ब्रुकलिनमध्ये. त्याच्याकडे सँड डॉलर नाही, डीकॅश नाही, जॅम-डेक्स नाही. त्याच्याकडे व्हिसाचं कार्ड आहे. बेटावरच्या माणसानं बेटावरच्याच दुकानात पैसे कसे द्यावेत, यावर सरकारांनी डोकं खपवलं. तो प्रश्न खिशातल्या नोटेनं कधीच सोडवला होता.

ती नोट वाईट नाही, हेही सांगायला हवं. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं. बहुतेक घरांची छपरं उडाली, वीज गेली, फोन गेले. त्या आठवड्यात कुठल्या ॲपला किती तारे होते?

शिवाय, सगळ्यांनाच उजेड हवा असतो, असंही समजू नका. प्रत्येक व्यवहाराची नोंद झाली, की ती कर खात्यालाही दिसते. ‘आम्हाला डिजिटल व्हायचंय’ असं कार्यशाळेत सांगणारे सगळेच दुकानदार घरी जाऊन तेच म्हणतात, यावर माझा विश्वास नाही. तुमचा आहे? आपल्या कोपऱ्यावरचा वाणी ‘स्कॅनर बंद आहे, कॅश द्या’ म्हणतो, तेव्हा स्कॅनर खरंच बंद असतो का?

मग प्रत्यक्षात धंदा चालतो कसा? व्हॉट्सॲपवर. इन्स्टाग्रामवर फोटो, ‘दरासाठी मेसेज करा’, मग बँकेत थेट पैसे, मग पावतीचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट खरा की खोटा, ते बघायला विकणारी बँकेचं ॲप पुनःपुन्हा उघडते. जमैकात पार्सल नट्सफर्ड एक्सप्रेसच्या प्रवासी बसनंही जातं, म्हणजे आपल्या एसटीचं पार्सल. परदेशातलं गिऱ्हाईक असेल तर ब्रुकलिनच्या भावाला झेल या अमेरिकी सेवेवरून पैसे, भाऊ कळवतो ‘आले’, माल निघतो. स्ट्राइप नाही, गेटवे नाही. भाऊ आहे.

भावाचं कमिशन मात्र कुठल्याच तक्त्यात छापलेलं नसतं.

भांडवल कुठून येतं, तेही ऐका. त्रिनिदादमध्ये सूसू, जमैकात पार्डनर, बार्बाडोसला मीटिंग टर्न, गयानात बॉक्स हँड. दहा जणींनी दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, पाळीपाळीनं एकेकीनं सगळी उचलायची. आपली भिशी! सातासमुद्रापार, पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजातून आलेली, तरी डिट्टो भिशी. तिला ॲप नाही, प्रमाणपत्र नाही, मुदत संपत नाही. पैसे बुडवलेच, तर वसुली अधिकारी म्हणून शेजारीण असते.

रिझर्व्ह बँकेलाही तिच्याइतकं घाबरत नाही कुणी.

त्रिनिदादचा मामला जरा वेगळा. तेल आणि वायू विकणारा देश, त्यामुळे श्रीमंत. तरी डॉलरची चणचण. बँकांनी कार्डावरच्या परकी चलनाच्या मर्यादा कापल्या आहेत. आता सॉसवाल्याला ऑनलाइन दुकानाचं मासिक भाडं डॉलरमध्ये भरायचं असतं, जाहिरातीचे पैसे डॉलरमध्ये, बाटल्यांची झाकणं बाहेरून मागवायची तर तीही डॉलरमध्ये. डॉलर मिळवायला आधी डॉलर हवेत. हा पेच सोडवायला बँकेत जावं, तर बँक विचारते, तुमच्याकडे डॉलर का नाहीत?

घरातल्या घरात तरी? तिथल्या लिंक्स नावाच्या डेबिट कार्डावर सगळा देश दुकानांत खरेदी करायचा, पण बरीच वर्षं ते कार्ड ऑनलाइन चालतच नव्हतं. मग वायपे नावाच्या तिथल्याच कंपनीनं डोकं लढवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात रोख द्या, व्हाउचर घ्या, त्यावरचा क्रमांक संकेतस्थळावर टाका. ऑनलाइन खरेदीसाठी आधी चालत दुकानात जायचं. हसू येतं खरं, पण या सगळ्या लेखात गिऱ्हाईकाचा खिसा नेमका ओळखलेली कल्पना म्हणाल तर हीच.

सरकारनं काय केलं? २०१६ मध्ये परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या मालावर सात टक्के कर लावला. आणि डिसेंबर २०१९ मध्ये एके दिवशी जाहीर केलं, की शंभराची जुनी नोट महिनाअखेरीस बाद. काळा पैसा बाहेर येईल म्हणून. पाच तारखेला घोषणा, एकतीसला खेळ खल्लास, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर बँकांपुढे रांगा.

रांगेच्या या प्रकारात आम्ही तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी ज्येष्ठ आहोत, बरं का.

बेटांनी आपापसात तरी काही जमवलं का? जमवलं होतं. १९७७ मध्ये कॅरिकॉम या कॅरिबियन गटातल्या देशांनी एक सामाईक हिशेबयंत्रणा काढली. आपापसातल्या व्यापाराचे डॉलर सारखे मोजत बसायचे नाहीत, वहीत मांडायचं आणि ठरल्या वेळी फेडायचं. कल्पना झकास. गयानानं उधारी वाढवत नेली, सर्वांत जास्त फटका बार्बाडोसला बसला, १९८३ मध्ये वही मिटली. तेव्हापासून बार्बाडोसचा माणूस त्रिनिदादच्या सॉसवाल्याला पैसे देतो, ते बहुधा डॉलर होऊन न्यूयॉर्कला हेलपाटा घालून येतात. मधलं अंतर विमानानं तासभराचंसुद्धा नाही.

आता या नाटकात आपला प्रवेश. सप्टेंबर २०२४ मध्ये त्रिनिदाद सरकारनं आपल्याकडे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या आंतरराष्ट्रीय शाखेशी करार केला. यूपीआयच्या धर्तीवर तिथं यंत्रणा उभारायची. पुढं त्रिनिदादमध्ये सरकार बदललं, जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी तिथं जाऊन आले, यूपीआय स्वीकारणारा पहिला कॅरिबियन देश म्हणून पाठ थोपटून झाली. १८४५ मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजातून आपण मजूर पाठवले होते, आता क्यूआर पाठवतोय. प्रगती आहे, नाही कशी म्हणणार?

फक्त एक बारकी गोष्ट करारासोबत खोक्यात घातली का, ते बघायला हवं. आपल्याकडे यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, हे जानेवारी २०२० पासून. फुकट आहे, म्हणून वडापाववाल्याकडे आहे. पण फुकट म्हणजे कुणीतरी भरतंच. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्या एका आर्थिक वर्षासाठी छोट्या व्यवहारांवर बँकांना प्रोत्साहन म्हणून १,५०० कोटी रुपये मंजूर केले. त्रिनिदादची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आतबाहेर. तिथल्या बँका फुकट सेवा कशावर देणार, लोकसेवेवर?

पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर डबल्स विकतात. मऊ बारा, त्यात चण्याची उसळ, वर चिंचेचा आणि मिरचीचा मारा. आपल्याच गिरमिटियांच्या लेकरांनी घडवलेला पदार्थ. त्या गाडीवर उद्या क्यूआर लागेल, मंत्री स्कॅन करतील, फोटो येईल, आपल्याकडच्या वाहिन्यांवर तो दिवसभर फिरेल. उत्तमच. पण डबल्सवाल्याची बायको घरी मिरचीचा सॉस करते आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमध्ये राहतं. त्या गिऱ्हाईकाला तो क्यूआर स्कॅन करून पैसे टाकता येणार आहेत का, हे कराराच्या कितव्या पानावर आहे?